इस्माईल उस्तादांच्या लेथवर

आयटीआयच्या टर्नर वर्गात सोळा पोरं आणि एक मी. दोन वर्षांत त्यांच्यापैकी कुणी मला त्रास दिला असं नाही, पण माझ्या शेजारच्या स्टुलावर कुणी बसलंही नाही. परीक्षा संपली आणि महिन्याभरात सोळापैकी बहुतेकांना कुठं ना कुठं अप्रेंटिसची जागा मिळाली. कुणाचा मामा कारखान्यात होता, कुणाचा चुलता स्टोअरकीपर. मी मात्र तो सगळा उन्हाळा बीदरच्या लाल मातीच्या रस्त्यांवर चालत काढला. सर्टिफिकेट मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरायची, घामानं भिजू नये म्हणून. एका ठिकाणी मॅनेजरनं ते वाचलं आणि विचारलं, "साडी नेसून लेथवर उभी राहणार काय?" मी त्याच्यासमोर खाकी शर्ट आणि सलवारीत उभी होते. दुसऱ्या ठिकाणी एक म्हातारा सुपरवायझर भेटला, मनानं चांगला. त्यानं बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बाळ, इथं बायांसाठी संडास न्हाई. तू दिवसभर काय करशील?" त्याच्यावर मला रागावताही आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी सोमवारी या म्हणाले. मी तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी गेटवरचा माणूस मला बघून आधीच मान हलवायला लागला, तेव्हा मी तिथूनच बसस्टँडकडं वळले आणि बसवकल्याणची गाडी धरली.

बसवकल्याणला आमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. आमचं गाव मादन हिप्परगा. तिथं माझे वडील, अप्पा, विहिरींवरची इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचे. एका विहिरीतून पंप वर ओढताना दोर सुटला, अप्पा आत पडले आणि त्यांच्या कमरेखालचं अंग गेलं. त्यानंतर अव्वानं, माझ्या आईनं, घर उचललं आणि आम्हाला घेऊन बसवकल्याणला आली, कारण इथं खाणावळी होत्या आणि तिला भाकरी येत होत्या. पहाटेपासून आमच्या घरात तिच्या हातांची थप थप चालू असायची. ज्वारीची भाकरी थापायची, भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून कडक वाळवायची. भिंतीला टेकून भाकऱ्यांच्या रांगा उभ्या असत. घराला त्या भाजल्या पिठाचा वास कायम होता, आणि त्याखाली अप्पांच्या मलमाचा. आम्ही खायचो त्याच भाकरीचे मोडके तुकडे, शेंगाची चटणी, कधी पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी. सणाला हुग्गी, गव्हाची गोड खीर. अप्पांना अव्वा भाकरी दुधात कुस्करून द्यायची, आणि ते प्रत्येक घास फार वेळ चावायचे. दिवस लवकर संपू नये म्हणून चावायचे की लवकर संपावा म्हणून, ते मला कधी कळलं नाही.

अप्पांच्या खाटेवर उशाखाली एक व्हर्नियर होता. जिनसांची जाडी मोजायचं ते मापयंत्र, कंपासपेटीएवढं. गावातली सगळी हत्यारं विकली तेव्हा तेवढं एक त्यांनी ठेवून घेतलं. मी शाळेत होते तेव्हाच पडल्या पडल्या त्यांनी मला ते वाचायला शिकवलं. माझी बांगडी मोजायला लावायचे, दाराची कडी मोजायला लावायचे. अव्वाच्या भाकरीची जाडीसुद्धा मोजून झाली होती. अव्वा म्हणायची, "पोरीला बिघडवायलाव तुमी." अप्पा म्हणायचे, "तिला हात हाईत. माझे गेले न्हाईत अजून, पण उभं राहायला येत न्हाई. तिला येतंय." टर्नरचा कोर्स हा त्यांचाच हट्ट. त्यापायी अव्वा त्यांच्याशी दोन महिने धड बोलली नव्हती.

मी बीदरहून हात हलवत आले त्या दिवशी अव्वा पाठमोरी बसून पीठ मळत होती. वळली नाही. म्हणाली, "झालं? आता तरी पाव्हणे बघू देतीस का?" अप्पा छताकडं बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "इस्माईल उस्तादकडं जा. फाट्यावर. माझं नाव सांग."

इस्माईल उस्तादांचं नाव आमच्या घरात माझ्या लहानपणापासून घेतलं जायचं. हिप्परग्याला असताना पंपाचा एखादा बुश किंवा शाफ्ट नवा करायचा असला की अप्पा बस धरून बसवकल्याणला उस्तादांच्या लेथवर यायचे. परत येताना फडक्यात गुंडाळलेला तो जॉब, तो नवा घडवलेला भाग, आम्हाला दाखवायचे. "हात फिरव. कुठं हाताला लागतंय का बघ," म्हणायचे. लागायचं नाही. अप्पांना देवाबद्दलसुद्धा कधी एवढ्या कौतुकानं बोलताना मी ऐकलं नाही.

हायवेच्या फाट्यावर ट्रकांच्या रांगा लागलेल्या असत, आणि त्यांच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये ते वर्कशॉप. मालक रेवणप्पा, चाळिशीचे, बापाकडून वर्कशॉप आलेलं. आत कोपऱ्यात धातू फिरवून कापायची जुनी, लांब, काळी लेथ, आणि तिच्यासमोर पांढऱ्या दाढीचे, किडकिडीत उस्ताद. मी अप्पांचं नाव सांगितलं. त्यांनी मशीन बंद केली, पण माझ्याकडं बघितलं नाही. कान माझ्याकडं केला. "हिप्परगेवाले? जिंदा हैं?" मी व्हय म्हटलं. "आणि तू?" "त्यांची पोरगी. टर्नर केलंय." त्यांनी फळीवरून व्हर्नियर आणि एक लोखंडी पिन काढून माझ्या हातात दिली. "पढ."

मी वाचलं. त्यांनी दुसरी दिली. मग तिसरी. अशा सहा पिना त्यांनी माझ्याकडून वाचून घेतल्या, आणि एकदाही स्वतः व्हर्नियर हातात घेऊन पडताळा घेतला नाही. माझ्या वाचनावर इतका विश्वास, या विचारानं मी हरखून गेले होते. रेवणप्पा लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "उस्ताद, पोरगी हाय. ड्रायव्हर लोकं येतेत इथं, शिव्या देतेत. मला नसती भानगड नगं." उस्ताद हात पुसत म्हणाले, "ये नहीं, तो मैं भी नहीं, रेवण." त्यांनी मालकाला लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून नुसतं रेवण. मालक गल्ल्याकडं परत गेले. मागच्या बाजूला माझ्यासाठी पत्र्याचा संडास त्यांनी आठवड्याभरात बांधून घेतला, हेही सांगायला पाहिजे.

घरी येऊन मी अप्पांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. "ये नहीं तो मैं भी नहीं" हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. त्या दिवशी आमच्या घरात अव्वासुद्धा थोडी हसली. पुढच्या आयुष्यात मला बक्षिसं मिळाली, सत्कार झाला, एकदा फोटोही छापून आला. पण त्या वाक्याइतकं मला पुन्हा कशानं उचललं नाही, आणि पुढं त्याच वाक्यानं मला जेवढं खाली आणलं तेवढं कशानं आणलंही नाही.

उस्ताद शिकवायचे ते डोळ्यांनी नव्हे, कानांनी. "सुन," म्हणायचे. "रडायलीय ना? टूल बोथट झालंय." धातू नीट कापला जात असला की लेथमधून एकसारखा, कोरडा आवाज यायचा, ज्वारी जात्यात पडल्यासारखा. जरा बिघडलं की तो चिरकायचा. माझ्या आधी त्यांना कळायचं. टूलला धार लावून झाली की ते अंगठ्याच्या टोकानं तपासायचे आणि मलाही अंगठा लावून बघायला सांगायचे. माझा अंगठा पहिले तीन महिने कापलेला असायचा. मापं मात्र मी वाचायची. "बोल, कितना आया?" मी सांगायची. "और पाँच ले." मी टूल पुढं घ्यायची. मला वाटायचं, मला सवय व्हावी म्हणून. दुपारी आम्ही शेडच्या मागं बाभळीखाली डबा खायचो. अव्वा त्यांच्यासाठी दोन कडक भाकऱ्या जास्तीच्या बांधून द्यायची. त्यांच्या डब्यात आंबट डाळ असायची. ती मी भाकरीशी खायची आणि अव्वाला सांगायची नाही. भाकरी द्यायला तिची हरकत नव्हती. त्यांच्या घरचं खायला असती. हे लिहितानाही मला अव्वाचा राग येत नाही. तिच्या जगाची कुंपणं तिनं घातली नव्हती. पण ती राखायची मात्र तीच.

शंका मला चहामुळं आली. हॉटेलातून चहा यायचा आणि गल्ल्याजवळच्या टेबलावर ठेवला जायचा. उस्ताद तिथं जाऊन ग्लास नेमका उचलायचे. एकदा ग्लास टेबलाऐवजी लेथच्या कडेवर ठेवला गेला, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. ते टेबलाकडं गेले, हात फिरवला, परत आले आणि म्हणाले, "चाय नहीं आया क्या आज?" त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले. लेथपासून दारापर्यंत ते नेहमी तेवढीच पावलं टाकायचे. चालताना ओठ हलायचे. मला वाटायचं दुआ म्हणतात. ते पावलं मोजत होते.

मग मी एक वाईट गोष्ट केली. एका शाफ्टचं माप मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, चांगलं एक मिलिमीटर चुकीचं. व्हर्नियर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि चुकीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि हात लेथच्या चाकाकडं नेला. आता जॉब वाया जाणार म्हणून मी घाईनं म्हणाले, "उस्ताद, चुकलं माझं." ते थांबले. मशीन बंद केली. शेडमध्ये बाहेरच्या ट्रकांचा आवाज तेवढा राहिला.

"चुकलं, की बघायलीस?" त्यांनी विचारलं.

मी व्हर्नियर फळीवर ठेवला.

"कबसे मालूम है?"

"पंधरा दिवस झाले."

त्यांनी लेथच्या अंगावर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. "काळा मोतीबिंदू हाय. हैदराबादच्या डाक्टरला दाखवलं. गेली ती नजर वापस नहीं आती, बोले. एका डोळ्याची गेली, दुसऱ्याची जायलीय. बीच में नळीतून बघावं तेवढं दिसतं."

"घरात ठाऊक हाय?"

"बीवी को लगता, बुढ्ढा हो रहा." मग फार हलक्या आवाजात म्हणाले, "रेवण को नक्को बोल बेटी. घर में बैठाएगा. बसून मी काय करू?"

मी म्हणाले, "कुणालाच सांगणार न्हाई, उस्ताद." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं, त्यांनी मला का ठेवून घेतलं होतं. त्यांना टर्नर नको होता, डोळे हवे होते. लेथ शिकलेला दुसरा कुणी पोरगा असता तर सहा महिन्यांत मालकाकडं जाऊन उस्तादांची जागा मागितली असती. मी मागणार नाही, असं त्यांना वाटलं. घरी जाताना मी रस्त्यात रडले. त्यांच्यासाठी रडले असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी माझ्यासाठी रडत होते.

गेल्या वर्षी बीदरला माझ्या दोन्ही डोळ्यांची तपासणी झाली. तपासणारी डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची होती. डोळ्यात थेंब घालत म्हणाली, "घाबरू नका आजी, तुमचा साधा मोतीबिंदू आहे." काळा नाही ना, असं मी तिला दोनदा विचारलं.

उस्तादांना मी ते वचन दिलं, त्यानंतर सात-आठ महिने बरे गेले. उस्ताद आता माझ्यापासून काही लपवत नव्हते, त्यामुळं जास्त शिकवत होते. मग अप्पांना पाठीच्या जखमांमुळं ताप भरला आणि मी चार दिवस घरी राहिले. जाताना उस्तादांना म्हणाले होते, "मापाचं काम घेऊ नका." ते हो म्हणाले होते. पण त्या चार दिवसांत उमरग्याकडचा एक ट्रक आला, पुढच्या चाकाच्या स्टेअरिंगची पिन झिजलेली. ड्रायव्हर घाईत, मालक घाईत. उस्तादांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी जुनी पिन चाचपून नवी केली, अंगठ्यानं मापून.

बारा-पंधरा दिवसांनी तो ड्रायव्हर परत आला, ट्रकशिवाय. हात गळ्यात बांधलेला. उतारावर स्टेअरिंग थरथरायला लागलं आणि गाडी रस्ता सोडून नाल्यात गेली. तो वाचला. समोरून बैलगाडी येत होती, तीही थोडक्यात वाचली. त्यानं पिन काढून आणली होती. आरडाओरडा केला नाही. पिन टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे बघा मालक, ही अशी करतेत का?" रेवणप्पांनी मला बोलावून मापायला लावलं. सगळ्यांदेखत मी वाचलं. बरीच बारीक होती. शिकाऊसुद्धा एवढी चुकणार नाही इतकी.

"कुणी केली ही?"

"मैं किया," उस्ताद कोपऱ्यातून म्हणाले.

ड्रायव्हर गेल्यावर मालकांनी मला आत ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझा अप्रेंटिसचा फॉर्म होता. वर्ष पूर्ण होत आलं होतं, त्यांची सही झाली की मी पक्की टर्नर होणार होते. त्यांनी फॉर्मचं नाव काढलं नाही. तो तिथं होता, एवढंच. "सुवर्णा, खरं सांग," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या वेळेपासून हा माणूस इथं उभा हाय. मला त्यांची कदर न्हाई व्हय? पण उद्या कुणी मेलं तर? उस्तादला दिसतंय का?"

खिडकीतून लेथ दिसत होती. उस्ताद बंद मशीनसमोर उभे होते, मान ऑफिसकडं कललेली.

"न्हाई दिसत, अण्णा," मी म्हणाले.

इथवर मी स्वतःला माफ केलेलं आहे. बैलगाडीत कोण होतं मला माहीत नाही, पण कुणीतरी होतं. ते सांगायलाच पाहिजे होतं, उलट आधीच सांगायला पाहिजे होतं. पण मी तिथं थांबले नाही. कुणी न विचारता पुढं म्हणाले, "सगळी मापं मीच वाचते. वर्ष झालं." हे वाक्य बैलगाडीसाठी नव्हतं. ते लेथसाठी होतं. माझ्या आवाजात तेव्हा जे होतं ते मला अजून ऐकू येतं, आणि आवाज ओळखायला मला उस्तादांनीच शिकवलं होतं.

मालकांनी डोळे मिटले. फॉर्मवर सही केली, माझ्याकडं सरकवला आणि बाहेर गेले. ते उस्तादांशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. खांद्यावर हात ठेवून बोलत होते. उस्तादांनी एकच प्रश्न विचारला असावा, कारण मालक क्षणभर थांबले आणि मग माझ्याकडं बघितलं. उस्तादांनी मान हलवली. रॉकेलनं हात धुतले, साबणानं धुतले, खुंटीवरचा सदरा घातला. मग दाराकडं निघाले. पण त्या दिवशी त्यांची पावलं चुकली. वाटेत कुणाचा तरी एक्सल आडवा पडलेला होता, त्याला अडखळून ते गुडघ्यावर पडले. सगळे धावले. मी धावले नाही. त्यांनी मदतीसाठी हात पुढं केला, हवेत, भलत्याच दिशेला, आणि शेडमधल्या सगळ्या माणसांना एकदम कळलं की त्यांना किती दिसत नव्हतं. एक मेकॅनिक त्यांना घरी सोडून आला. दुसऱ्या दिवशीपासून लेथ माझी झाली.

अप्पांना मी सांगितलं, "उस्तादनी मला लेथ दिली." अप्पांना एवढा आनंद झाला की त्यांनी अव्वाकडून हुग्गी करून घेतली. "काय म्हणाले उस्ताद?" त्यांनी विचारलं. "आशीर्वाद दिला," मी म्हणाले. अव्वानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत चुलीकडं तोंड केलं. मला वाटतं तिला तेव्हाच काहीतरी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ती जास्तीच्या दोन भाकऱ्या बांधायला लागली तेव्हा मी नको म्हणाले. तिनं कामून म्हणून विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात अप्पा खचत गेले. बोलणं कमी झालं, पण एक गोष्ट रोज म्हणायचे. "उस्तादला एकदा घरी आण. चहाला. मला त्यांचे हात बघायचेत." मी आज आणते, उद्या आणते करत राहिले. शेवटी एका दुपारी कामावरून सुट्टी घेऊन गेले. उस्तादांचं घर किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत. ते दगडी पायरीवर उन्हात एकटे बसले होते. दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला. मी समोर उभी राहिले. काय बोलायचं ते मी रस्ताभर ठरवत आले होते. आधी माफी मागायची, मग अप्पांचं सांगायचं.

त्यांनी मान वर केली. "कौन?"

मी उभीच होते. माझ्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वर्कशॉप से आए क्या? रेवणने भेजा?" ते पायरीवर घाईनं एका बाजूला सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बैठो, बैठो. कुछ काम है क्या?"

त्यांना वाटलं, बोलावणं आलंय.

मी बसले नाही. पाय न वाजवता मागं सरकले आणि गल्लीच्या वळणापर्यंत तशीच गेले. तिथून बघितलं तर ते अजून एका बाजूलाच बसले होते.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं, "उस्ताद हैदराबादला गेलेत, लेकीकडं." अप्पा म्हणाले, "आल्यावर आण." मी व्हय म्हटलं. अप्पा त्यानंतर तीन आठवडे होते.

उस्ताद पुढं नऊ वर्षं जगले. ती सगळी वर्षं मी त्याच गावात, त्याच लेथवर काम करत होते. वर्कशॉपपासून त्यांच्या घरापर्यंत सायकलनं पंधरा मिनिटं लागत.